स्फोटाआधीचा बारीक उंचवटा

गॅमा किरणांच्या दीर्घ स्फोटांचे आलेख बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. दूर कुठेतरी प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळतो, ताऱ्याचं पोट फोडून झोत बाहेर पडतो आणि आमच्या पडद्यावर काही सेकंद उंच टोकं उठतात. स्फोट नसतानाही उपग्रहावर थोडे किरण येतच असतात. ती पार्श्वभूमी मोजून वजा करावी लागते. सवयीने मी ती स्फोटाच्या लगेच आधीच्या वेळेतून मोजायचो.

खर्डीची एक मुलगी माझ्याकडे प्रबंध करत होती. एका आलेखात मुख्य स्फोटाच्या मिनिटभर आधी तिला बारीक उंचवटा दिसला. मध्ये सगळं शांत.

"सर, हा याच स्फोटाचा भाग वाटतो. पार्श्वभूमी अजून मागून घेऊ या का?"

"तारा म्हणजे काय डिझेल पंप आहे, बंद पडून परत सुरू व्हायला?" मी म्हणालो. तो उंचवटा पार्श्वभूमीत धरून वजा झाला.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "पार्श्वभूमी इथून घ्यायचा निष्काळजीपणा कुणाचा?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी कागदांत डोकं घातलं. पदवी मिळाली, शेरा मात्र तिच्यावर राहिला. पुढे संशोधन सोडून ती गावच्या शाळेत शिकवू लागली.

यंदा राब भाजायला मी टोकावड्याजवळच्या घरी गेलो होतो. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, माती पसरून पेटवतात. एक कोपरा भुरभुर पेटला, मग ज्वाळ बसली आणि धूरही थांबला. विझला समजून मी काडेपेटी घेऊन वाकलो.

"भावजी, मागं व्हा! इजला नाय तो, दम खातोय," वहिनी ओरडली.

तेवढ्यात सगळा थर भडकला. माझ्या भुवया करपल्या.

"येवढं शिकलात न् राब कळत नाय तुमाला?" ती हसत सुटली. मला हसता आलं नाही.

राबावरून ताऱ्याचं काही सिद्ध होत नाही. पण परत जाऊन मी पार्श्वभूमी बरीच मागून घेतली. उंचवटा स्पष्ट वर आला. असे उंचवटे झोत ताऱ्याचं कवच भेदताना येतात, की झोत सोडणारं आतलं इंजिन खरंच थांबून पुन्हा पेटतं, यावर अजून वाद आहे. माझ्या चुकीबद्दल वाद नव्हता.

मी शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत तिला नवा आलेख दाखवला.

"मी तेव्हाच करून पाहिला होता, सर," ती म्हणाली.

"मग परीक्षेत बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

दुरुस्तीचा लेख तिच्या नावाने छापू, असं मी म्हणालो. तिने आलेखाची घडी घातली.

"नावाचं नंतर बघू. आधी परीक्षकांना कळवा."

पत्राचं पहिलं वाक्य लिहायला मला अख्खा दिवस लागला: 'पार्श्वभूमीची वेळ मी निवडली होती, तिने मला अडवलं होतं.'