टेकवायचं, घासायचं नाही

"ही दाढ काढा मॅडम, नाहीतर मी घरी पक्कड घेऊन बसतो," डोंगरे काका खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले.

मी भिलाईच्या रिसाली भागात वीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते. असल्या धमक्या रोजच्याच. पण काका स्टील प्लांटमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेले, त्यांच्याकडे पक्कड खरोखर होती. उजवीकडच्या दोन दाढा त्यांनी जवळच्या कुम्हारी गावातल्या एका दातवाल्याकडून काढून घेतल्या होत्या, तरी दुखणं जागच्या जागी. त्या बाजूला चावायला आता ही एकच उरलेली. महिनाभर माणूस पेजेवर होता.

एक्स-रे काढला. दाढ ठणठणीत. ठोकून पाहिली, काही नाही. हिरडीला नुसता कापूस लागला आणि काका खुर्चीतून उडाले. मला एक शिवी पण मिळाली.

"काका, दाढ चांगली आहे. नस बिघडली आहे. तिच्यावरचं इन्सुलेशन गेलं की जरा हात लागला तरी करंट बसतो."

"मंग टेप मारा ना!"

या दुखण्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. टेप म्हणजे गोळ्या, आणि त्या नसांचे डॉक्टर देतात. त्यांच्या नावाने चिठ्ठी दिली. तोवर लिग्नोकेनचं जेल. ते जागा तेवढी बधिर करतं, तेही थोडाच वेळ. जेवणाआधी मुगाच्या दाण्याएवढं लावा, म्हटलं. तंबाखू? "नाही जी." गुटखा? "छ्या!" मी फॉर्म भरला आणि स्वतःवर खूश झाले.

चौथ्या दिवशी काका काकूंना घेऊन हजर. बधिर झालेला गाल आतून चावून सुजलेला, ट्यूब रिकामी.

"तुमचं औषध बोगस हाय. उद्या कुम्हारीले जातो, दाढ काढून मोकळा होतो."

मी आधी त्यांची नाडी धरली. एवढं जेल पोटात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. "एवढी ट्यूब गेली कुठं?"

"कुठं जाईल?" काकू म्हणाल्या. "सकाळी ओट्यावर बसतेत अन् बोटानं घासून राहतेत. अर्धा घंटा. मंग थुकतेत. दुपारी अजून."

"घासता कशाला, काका?"

"मले वाटलं, गुडाखूसारखंच लावाचं."

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची काळी पेस्ट. डबीत मिळते, बोटाने हिरड्यांवर घासतात. आमच्याकडे अर्धी वस्ती घासते.

"अहो, मी तंबाखू विचारलं होतं ना!"

"तंबाखू अलग, गुडाखू अलग. त्याच्याबिगर मले संडास होत नाही."

म्हणजे कापूस सहन न होणाऱ्या हिरडीवर हा गृहस्थ रोज बोट फिरवत होता. झटका बसला की थांबायचं, ओसरला की पुन्हा घासायचं. कीड मरून राहिली, असं त्यांना वाटायचं. चिठ्ठीही खिशातच. दाढेसाठी नसांच्या डॉक्टरकडे कोण जातं? मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. भिलाईत वीस वर्षं काढून मी गुडाखू विचारला नव्हता.

"एक महिना," मी म्हटलं. "गुडाखू बंद, गोळ्या चालू, जेल फक्त टेकवायचं. फरक नाही पडला तर मी स्वतः काढते." चांगली दाढ मी काढली नसतीच, पण हे सांगायची गरज नव्हती. "टेकवून दाखवा."

काकांनी बोटावर जेल घेतलं आणि निवांत घासायला लागले. काकूंनी मनगट धरलं. "डबी आजपासून माह्याजवळ."

महिन्याने काका आले. झटका आता आठवड्यातून एखादा. खिशातून फुटाणे काढून त्यांनी उजव्या बाजूने कडाकडा फोडून दाखवले. मला इतका आनंद झाला की मीही दोन खाल्ले.

मग ते थांबले. "मॅडम, ही दाढ चांगली होती. मंग त्या दोन?"

"त्याही चांगल्याच असणार, काका."

त्यांनी उरलेले फुटाणे खिशात ठेवले. म्हणाले, "त्या माणसानं एक एक्स-रे पण नाही काढला."

तेव्हापासून कोणी दाढ काढा म्हणत आलं, की मी तोंडाआधी त्याचं बोट बघते, गुडाखूने काळं पडलंय का ते.