फ्रान्सचं सरबत

छाया माझी धाकटी जाऊ, कळंबच्या अंगणवाडीत सेविका. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तिच्याकडे पेला पडला तरी मी इकडून ओरडते, "काय गं, काय झालं?" भोचक म्हणा हवं तर.

हिला वेड एकच, फ्रान्सचं. मुंबईच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही, पण मीटिंगला दहिवलीला गेली की तिथल्या वाचनालयातून पुस्तक आणणार, आणि तेही फ्रान्सात घडणारं असेल तरच. मराठीत केलेली, पानं सुटलेली जुनी पुस्तकं. लांबलचक पाव काखेत मारून जाणारी म्हातारी, वास मारणारं चीज, झाडाखाली टेबल मांडून दोन दोन तास चालणारी जेवणं, सगळं हिला तोंडपाठ. तिथं म्हणे दुकानात शिरलं की आधी सगळ्यांना नमस्कार करायचा आणि मगच सामान मागायचं. हिनं तेही उचललं. किराणा दुकानात शिरताच "राम राम मंडळी" म्हणायला लागली. दुकानदार आधी दचकलाच, त्याला वाटलं ही निवडणुकीला उभी राहिली.

मी हसायची, पण खोटं कशाला बोलू, त्या पुस्तकांनीच माझ्या दिराचं घर सावरलं. संतोष टेंपो चालवतो. आधी प्यायचा. असा प्यायचा की एकदा पोटच्या पोरीला, सुरभीला, शेजारी बसवून टेंपो ओढ्यात घातला. पोरीचा हात मोडला. त्या दिवसापासून त्यानं सोडली. डॉक्टरांनी बजावलं होतं, एक घोट पोटात गेला तरी पुन्हा पहिल्यासारखं होईल. दिवस कामात जायचा, पण संध्याकाळ खायला उठायची. मग छाया त्याला समोर बसवून वाचून दाखवायला लागली. मी तांदूळ निवडत ऐकायची.

आता तिथली माणसं म्हणजे पानोपानी वाइन. जेवताना वाइन, लग्नात वाइन, मयताला वाइन. छाया तिथं आली की न अडखळता वाचायची, "मग सगळ्यांनी द्राक्षाचं सरबत घेतलं." एकदा मी पुस्तकात डोकावले तेव्हा मला कळलं. तिनं मला डोळ्यांनीच दटावलं. मी कशाला बोलतेय!

यंदा संतोषनं डोंगरातून टोपलीभर जांभळं आणली. म्हणाला, "तुज्या त्या फ्रान्सचं सरबत कर की गं." छाया हरखली. पुस्तकात द्राक्षं तुडवतात तशी हिनं जांभळं कुस्करली, साखर घातली, चिनीमातीच्या बरणीत भरून फडकं बांधलं आणि लोणचं मुरत ठेवावं तशी मागच्या चुलीजवळ उबेला ठेवली. उकळलं काही नाही. साखर आहे ना, टिकेल, एवढंच हिचं शास्त्र.

आठवड्यानं एका दुपारी तिनं मला खुणेनं मागच्या पडवीत बोलावलं. चेहरा पांढराफटक.

"ताई, कान लावा."

बरणी आतून चुरचुरत होती. फडकं सोडलं आणि वास आला. आंबूस, गोड, डोक्यात जाणारा. हा वास आम्हाला काय नवा होता? किती वर्षं या घरात तोच भरलेला होता.

"अगं बये, काय करून बसलीस!"

"मला काय ठावं ताई? मी सरबतच करत होते." ती रडायलाच लागली. "त्यांना वास आला असंल का?"

संतोष पुढं ओटीवर पडला होता. त्याच्यासमोरून बरणी न्यायची कशी? पडवीत ओतावी तर वास घरभर सुटेल. उद्या तो टेंपो घेऊन गेला की लांब नेऊन ओतू, असं ठरवलं. फडकं घट्ट बांधलं, वरून गोणपाट टाकलं. संध्याकाळी छाया वाचायला बसली, पण सारखी मागच्या दाराकडे बघत होती. एकच ओळ तिनं दोनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी नेमकं टेंपोचं चाक बसलं आणि संतोष घरीच राहिला. छायाला अंगणवाडी चुकवता येईना, मला शेत. दुपारी ती धापा टाकत बांधावर आली. बरणी नाही. गोणपाट घडी घालून ठेवलेलं. टेंपो दारात, फोन खाटेवर, आणि संतोषचा पत्ता नाही.

"मीच दिली ताई त्यांच्या हातात," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिलाच रागावले, "रड नंतर, आधी चल."

गुत्त्यावर विचारलं, तिथं आला नव्हता. देवळात नव्हता, ओढ्यावर नव्हता. मग पेज नदीकडे पळालो. तिकडे वरून वीजघराचं पाणी सुटलेलं, नदीला जोर होता. आणि अगदी काठावरच्या खडकावर, आमच्याकडे पाठ करून, संतोष बसलेला. मांडीवर बरणी. मान खाली.

हाक मारावी तर दचकून पाण्यात जायचा. मी मागंच थांबले. छाया मात्र पुढं गेली. थोरली जाऊ बघतेय याचीही लाज न धरता तिनं त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. आणि मग मटकन खाली बसली.

"नाय घेतली," संतोष म्हणाला. "घरात ओतली असती तर वास राहिला असता, म्हून हितं आणली. पर वतवंना गं. सकाळपास्नं मांडीवर घेऊन बसलोय. आत्ता वतली."

बरणी रिकामी होती. तिच्या काठावर त्याची बोटं अजून आवळलेली.

"मला सरबतच करायचं होतं हो," छाया म्हणाली.

"ठावं हाय." तो नदीकडेच बघत होता. "सरबत पिऊन माणसं गळ्यात गळा घालून रडत नाय गं. पयल्या पुस्तकापास्नं मला कळलंय."

"मंग बोलला का नाय?"

"माज्यासाठी येवढं कोन खोटं वाचतंय?"

घरी आल्यावर छायानं पुस्तक पिशवीत भरलं. उद्या परत करते, म्हणाली, आणि पुन्हा आणायचंच नाही. संतोषनं ते काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.

"वाच. आन् हाय तसं वाच."

ती वाचायला लागली. द्राक्षांची तोडणी संपली होती, अख्खं गाव जेवायला बसलं होतं. आणि तो शब्द आला. ती अडखळली. तिनं माझ्याकडे बघितलं, मी सुपातल्या तांदळात मान घातली.

"वाइन," ती एकदाची म्हणाली.

"फुडं?" संतोष म्हणाला. दोन्ही हातांनी चहाचा पेला धरलेला, पण हात असे थरथरत होते की चहा लुंगीवर सांडला. छायानं पेला काढून खाली ठेवला आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून ती पुढं वाचत राहिली. पानं उलटायला तिचे हात मोकळे नव्हते. सूप बाजूला ठेवून मी तिच्याजवळ सरकले, आणि त्या संध्याकाळी पानं मी उलटली.