नाल्याची रेती

आज दुपारी आमच्या नाल्यावर एक जेसीबी अन् दोन ट्रॅक्टर आले. आम्हा बायांचा खर्च झाला तो तालुक्याला जायचा, तोही एसटीचं अर्धं तिकीट.

मैत्रिणींनो, बेशरमच्या झाडांनी अन् प्लास्टिकनं हा नाला तुंबला होता. मागच्या पावसाळ्यात पाणी घरांत शिरलं. शेजारच्या रेखाची मागची भिंत पडली. ती लेकीकडं अमरावतीला गेली, ती अजून आली नाही.

अर्ज देऊन थकलो, हरतालिकाही जवळ आली, म्हणून परवा पूजेची परात घेऊनच तालुक्याच्या ऑफिसात गेलो. हरतालिकेला महादेवाची पिंड आम्ही याच नाल्याच्या रेतीची करतो. या वेळी परातीत नुसता काळा गाळ होता.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "बाई, हे काहून आणलं इथं?"

आमच्यातल्या सुमनकाकू म्हणाल्या, "याची पिंड करून दाखवा साहेब. जमली तर आमी मुकाट्यानं घरी जातो."

साहेबांनी आमच्यासमोरच जेसीबीसाठी फोन लावला.

आज गाळ निघाला अन् खालून पांढरी रेती दिसली. दरवर्षी रेती रेखा चाळायची, पिंड मी करायची. सवयीनं तोंडून निघालंच, "रेखा, चाळणी आण वं." तिच्या दाराला कुलूप होतं.

रेखा, तुझी लेक हे वाचून दाखवेलच. पाण्याला आता वाट झाली, देवाची कृपा. भिंत आपण साऱ्या मिळून उभी करू. हरतालिकेला घरी येतेस का, तेवढं उलट टपाली कळव.