बोर्डिंगचं छप्पर

नव्वदीला टेकल्यावर आमचे आबा, म्हणजे माझे वडील, बरंच काही विसरायला लागले. चष्मा कुठं ठेवला, औषध घेतलं की नाही, कधी कधी तर माझं नाव. पण बोर्डिंगचा विषय निघाला की ते गादीवर उठून बसायचे.

"पडलं काय?"

"नाही आबा, उभं आहे."

"मग ठीक हाय," म्हणायचे आणि परत आडवे व्हायचे.

शिवाजी पेठेच्या कडेला संस्थानकाळातलं हे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. कोल्हापुरात त्याला सगळे बोर्डिंगच म्हणतात. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. पुढच्या बाजूला पंगतीचा लांबलचक हॉल आणि मागं मुलांच्या राहायच्या खोल्या. आबा मलकापूरच्या बाजूच्या एका खेड्यातून इथं शिकायला आले, तेव्हा आमची माणसं अजून बौद्ध झाली नव्हती. गावच्या शाळेत ते वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकलेले. बोर्डिंगात पहिल्या दिवशी जेवायला हाक आली तेव्हा सवयीनं ताट उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसले. स्वयंपाकी आतून आला, त्यांचं ताट उचललं आणि पंगतीत दोन मुलांच्या मधे नेऊन ठेवलं.

"मी कुठं आत गेलतो?" आबा सांगायचे. "माझं ताट आत गेलतं. भूक लागलीती, म्हनून मी ताटामागनं गेलो."

ही गोष्ट ते हसत सांगायचे आणि लहानपणी आम्हीही ती हसतच ऐकायचो. पुढं मी चित्रकलेची शिक्षिका झाले, माझी मुलं शिकून मोठी झाली, आणि कधीतरी उमगलं की आमच्या घरातलं पहिलं पुस्तक, पहिली नोकरी, सगळं त्या ताटामागून चालत आलं आहे.

बोर्डिंग बंद पडून बरीच वर्षं झाली होती. संस्थेचे विश्वस्त एकेक करून गेले आणि मागं उरले एकटे सर. आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचे वडील बोर्डिंगचे रेक्टर होते, त्यामुळे सरांचं बालपण फाटकाजवळच्या दोन खोल्यांत गेलेलं. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस ते घरी आले आणि चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाले, "बाई, जरा येता का? हॉलचं छप्पर बसायला लागलंय."

मी गेले. मधली तुळई वाळवीनं पोखरून खाली झुकली होती. कौलं सरकून आभाळ दिसत होतं. भिंतीत पिंपळानं मूळ धरलं होतं. सरांनी हातातल्या काठीनं तुळईला हलकेच टोचलं तर भुसा खाली सांडला.

त्यानंतर सुरू झाल्या चकरा. एका कार्यालयात सांगितलं, ही वास्तू वारसा यादीत आहे, परवानगीशिवाय हात लावायचा नाही. दुरुस्तीला निधी मागितला तर म्हणाले, या वर्षी तरतूद नाही. दुसऱ्या कार्यालयानं धोकादायक इमारत म्हणून फाटकावर नोटीस चिकटवली. म्हणजे पाडायची नाही, दुरुस्त करायची नाही आणि पडू द्यायची तर मुळीच नाही. तिथला अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि म्हणाला, "सर, माझ्या हातात असतं तर आजच केलं असतं. राजवाड्याला पैसे मिळतात, देवळाला मिळतात. बोर्डिंगला कुठल्या खात्यातून देऊ, तुम्हीच सांगा."

आम्ही जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी गेलो. बहुतेकांच्या फोटोंना हार होते. मुलं पुण्यात, मुंबईत. एकानं फोनवर मायेनं सांगितलं, "काकू, छान फोटो काढून ठेवा आणि जाऊ दे. कशाला जिवाला त्रास?" एक बिल्डर स्वतःहून आला. खाली दुकानगाळे, वर फ्लॅट आणि एका कोपऱ्यात बोर्डिंगच्या नावाची संगमरवरी पाटी. सरांनी त्याला दारापर्यंत पोचवलं, परत येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "बाई, मला त्याचा राग यायला पाहिजे होता. आलाच नाही. मी इतका दमलोय."

एका ठेकेदाराचे वडील बोर्डिंगात शिकलेले होते. त्यानं स्लॅबसाठी वापरायचे लोखंडी टेकू आणून तुळईखाली उभे केले आणि वर ताडपत्री घातली. पावसाळा निघून जाईल असं वाटलं. पण आषाढात वाऱ्यानं ताडपत्रीच्या चिंध्या केल्या आणि भिंती फुगायला लागल्या. मी रोज सकाळी छत्री घेऊन जायचे, भिंतीला तळवा लावायचे. ओला, गार, पिठासारखा चुना हाताला लागायचा. हात लावून काय होणार होतं? पण घरी बसवत नव्हतं.

अशात एक दिवस ठेकेदार आला. खाली बघत म्हणाला, "बाई, टेकू न्यावं लागत्यात. दुसरीकडं स्लॅबचं काम निघालंय. माझं बी प्वाट हाय की."

"अहो, पाऊस तरी थांबू दे."

"पाऊस थांबंस्तवर थांबलो आसतो. तितला मालक ऐकंना झालाय."

त्याला काय बोलणार? टेकू त्याचेच होते. आम्ही धावपळ करून निलगिरीचे वासे मिळवले. दुपारी अदलाबदल सुरू झाली. एक टेकू काढायचा, तिथं वासा ठोकायचा. अर्ध्यावर तुळई करकरली. कामगार उड्या मारून बाहेर पळाले. सर मात्र तिथंच, तुळईखाली, वर बघत उभे राहिले.

"सर, बाहेर या!" मी ओरडले.

ते हलेनात. मी आत गेले, त्यांचा दंड धरला आणि ओढत त्यांना अंगणात आणलं. पावसात उभं राहून ते मला म्हणाले, "पडलं असतं तर बरं झालं असतं हो. सुटलो असतो." ज्यांच्यापुढं आम्ही सगळ्या शिक्षिका आवाज खाली ठेवून बोलायचो, त्या म्हाताऱ्या सरांना मी त्या दिवशी लहान मुलासारखं रागावले. मग दोघंही रडलो. कामगार बिचारे दुसरीकडं बघत उभे राहिले.

उरलेले वासे नंतर ठोकले आणि हॉल त्या दिवशी तगला. पण त्याच आठवड्यात मागच्या खोल्या बसल्या. भर दिवसा, शाळा सुटायच्या वेळेला आवाज झाला, पेठेतली माणसं धावली. सुदैवानं आत कुणी नव्हतं. जिथं आबांची खाट होती ती खोली दगडमातीचा ढीग होऊन पडली होती. वर कौलांचा लाल चुरा आणि त्यातून वाहणारं पाणी.

अधिकारी आला. पाहणी केली आणि म्हणाला, "आता हॉलही उतरवावा लागेल. शेजारच्या घरांचा प्रश्न आहे."

सरांची एक जुनी विद्यार्थिनी, आता इंजिनिअर, आमच्यासोबत होती. तिनं हॉलला फेरी मारली आणि सांगितलं, भिंतींत अजून दम आहे, त्यांना मारतंय ते वरचं ओझं. छप्पर काळजीपूर्वक उतरवलं तर भिंती राहू शकतात. अधिकाऱ्यानं स्वतः भिंती ठोकून पाहिल्या. शेवटी म्हणाला, "लगेच उतरवा. उशीर झाला तर मी काही करू शकणार नाही."

जे वाचवायला निघालो होतो ते आपल्याच हातांनी उतरवायचं. मजूर कुठून आणणार? सर जवळच्या तालमीत गेले. तिथल्या वस्तादांनी ऐकून घेतलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "आवं सर, आदी सांगायचं न्हाय व्हय? पेठेतलीच वास्तू हाय की!" दुसऱ्या दिवशी पैलवान आले, फुटबॉल खेळणारी माणसं आली. शिड्या लागल्या. वरून खाली, हातातून हातात कौलं उतरू लागली. गर्दी बघून थांबलेल्या एका वाटसरूलाही वस्तादांनी सोडलं नाही. "पावणं, बघत काय हुबा ऱ्हायलाय? धरा की!" तोही रांगेत लागला.

मी अंगणात कौलं रचत होते. मधेमधे थांबत होते. लोकांना वाटलं, दमले. पण प्रत्येक कौल खाली ठेवताना वाटत होतं, आपण प्रेताच्या अंगावरचे दागिने काढतोय. संध्याकाळपर्यंत हॉलवर नुसतं आभाळ उरलं. तुळया आणि वासेही उतरले. आतल्या शहाबादी फरशीवर पाऊस पडायला लागला, आणि ती काळी, स्वच्छ फरशी पाहून मला आबांचं ताट आठवलं. हॉलमधे उभं राहवेना. मी बाहेर आले.

नवं छप्पर घालायला अजून काही जमलेलं नाही. भिंतींच्या माथ्यावर प्लास्टिक बांधलं आहे, ते उन्हानं फाटतं, आम्ही परत बांधतो. कौलं पेठेतल्या घरांच्या गच्च्यांवर विखुरली आहेत, थोडी आमच्या गच्चीतही. गुडघ्यांमुळे सरांना आता जिना चढवत नाही. इंजिनिअर मुलगी दर महिन्याला भिंतींच्या भेगा बघून जाते. रुंदावल्या का विचारलं की "थोड्या" म्हणते. येता पावसाळा या भिंती काढतील असं तीही छातीठोक सांगत नाही.

आबांना खरं सांगायचं मी टाळत होते. शेवटी त्यांनीच गच्चीच्या दारातून कौलांची रास पाहिली.

"ही बोर्डिंगाची न्हवं?"

"होय आबा."

"म्हंजे पडलं."

"मागचं पडलं. हॉलच्या भिंती आहेत. छप्पर आम्हीच उतरवलं."

ते काठी टेकत गच्चीत आले, एका कौलावरचं शेवाळ अंगठ्यानं खरवडलं.

"कवा घालनार परत?"

"बघू, आबा."

"बघू म्हंजे कवा?"

त्यांचं बाकीचं विसरणं वाढत चाललंय, माझं नाव तर आता क्वचितच आठवतं. पण सकाळी चहा झाला की हा प्रश्न येतो. आजही आला. मी म्हटलं, "ऊन जरा कमी झालं की सरांकडे जाऊन येते," आणि कप उचलून आत गेले.