दादांची जीभ

माझे सासरे रोज सकाळी चूळ भरायच्या आधी शेतातलं पाणी चाखत. मागच्या दाराने निघायचे, गोडदेवच्या खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतातल्या, बांधावर उकिडवे बसायचे, ओंजळभर पाणी उचलून त्यातला एक घोट जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग थुंकून पुढच्या खाचरापाशी. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी हा प्रकार पाहिला आणि मला वाटलं, आपल्या बापाने स्थळाची चौकशी नीट केलेली दिसत नाही.

माझं माहेर घोडबंदरकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. तिथे पाणी असायचं किंवा नसायचं, एवढीच काळजी. इथे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात आणि मध्ये मातीचा एक लांबलचक बांध. खेकडे त्या बांधात बिळं करायचे. एखादं बीळ आरपार गेलं की भरतीचं पाणी गुपचूप शेतात शिरायचं. त्या वर्षाचं भात तर जायचंच, पण जमीनही पुढची दोन-चार वर्षं रुसून बसायची. पलीकडच्या मिठागरांत मिठाच्या राशी पडलेल्या असायच्या आणि इकडे आम्ही मिठाला घाबरून जगायचो. म्हणून गावाच्या वतीने पाणी चाखायचं काम दादांकडे होतं. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. त्यांचे वडील चाखायचे, म्हणून ते चाखायचे. सगळा गाव त्यांना दादा म्हणे, मीही दादाच म्हणायला लागले.

"डोले फसतात, कान फसतात. जीभ न्हाय फसत," असं ते म्हणत. तीच जीभ घेऊन ते जेवायला बसत, हे माझं दुर्दैव. पहिला घास घेतला की डोळे मिटायचे, अगदी बांधावर मिटत तसेच. मी चुलीपाशी श्वास रोखून बसलेली. मग निकाल यायचा. "सूनबाय, मीठ चिमूटभर जास्त." दुसऱ्या दिवशी, "आज कमी." कधी बरोबर झालंच तर काही न बोलता जेवायचे. आणि ते काही बोलले नाहीत म्हणून सासूबाईंनाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. "आज काय झालं यांना?" असं त्या मला हळूच विचारायच्या.

दादांना स्वस्थ बसवत नसे. शेतातल्या प्रत्येक त्रासावर त्यांची काही ना काही युक्ती चालू असायची. खेकड्यांसाठी ते बांधाच्या कडेला मडकी पुरत, तोंड जमिनीच्या बरोबरीला आणि आत सुक्या बोंबलाचं डोकं. खेकडा वासाने आत पडला की ओल्या गुळगुळीत मडक्यातून वर चढता येत नसे. ही युक्ती चांगली होती, शिवाय कालवणाची सोय व्हायची. उंदरांसाठी केलेल्या बांबूच्या चापात मात्र पहिल्यांदा सासूबाईंची कोंबडी सापडली. त्यावर घरात जे बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी जांभळ्या पानांचं भात लावलं होतं. आमच्या खाचरात रानभात फार माजायचं. ते दिसायला अगदी भातासारखं, लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि लोंबी आली की दाणे गळून पुढच्या वर्षीची बेगमी करून ठेवतं. दादांनी कुठूनतरी जांभळ्या पानांचं बियाणं मिळवलं आणि मला शेतात उभं करून सांगितलं, "हिरवं दिसंल ते उपट." जन्मभर जे शिकले त्याच्या बरोबर उलट! सासूबाई बांधावरून हळहळत होत्या की आपल्या शेताला कोणाची तरी दृष्ट लागलेली दिसते. पण त्या वर्षी आमच्या खाचरात रानभाताची काडी उरली नाही. पुढच्या वर्षी अर्ध्या गावाने ते बियाणं मागून नेलं आणि सासूबाईंनी ते असं वाटलं, जणू त्यांनीच शोधून काढलं होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन बराच काळ लोटला होता. रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला होता आणि पैसे असले तरी दुकानात धान्य मिळेल याची खात्री नव्हती. खाजणात जे पिकेल तेच वर्षभर खायचं, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. अशाच एका उन्हाळ्यात दादांना मुदतीचा ताप आला. वाचतील असं वाटत नव्हतं. वाचले. काठी टेकत बांधावर जायला लागले, पूर्वीसारखं पाणी चाखून "गोड हाय" म्हणून सांगायला लागले. सगळ्यांना हायसं वाटलं.

घरात माझेही बरे दिवस आले. दादा मिठाबद्दल बोलेनासे झाले. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सुनंचा हात बसला आता." मीही फुशारले होते. आणि एके दिवशी मी कालवणात मीठ घालायलाच विसरले. दादांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, उघडले आणि जेवत राहिले. मी माझ्या ताटावर बसले तेव्हा मला पहिल्याच घासाला कळलं. मी मागच्या अंगणात गेले. ते टोपली विणत बसले होते.

"दादा, आज कालवण कसं झालं होतं?"

"बरा होता."

"त्यात मीठच नव्हतं."

त्यांचे हात थांबले. त्यांनी टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तापात गेली. काय कलत न्हाय मना. मिरची न्हाय, मीठ न्हाय, काय न्हाय. तुज्या सासूला सांगू नको."

"आणि बांधावर?"

"बांधावर डोले मिटतंय," ते म्हणाले. "लोक समजतान, कललं."

मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकदमच. मी म्हटलं, मी चाखते, कोणाला कळणार नाही. त्यांनी मान हलवली. बांधावर सून पाणी चाखतेय हे दिसलं की गाव विचारणारच. आणि गावाला खरं सांगायचं त्यांच्यात धाडस नव्हतं. बापाकडून आलेली एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती, आणि तीच गेली होती. पण खोटं बोलून गप्प बसणंही त्यांना जमत नव्हतं. ती टोपली ते त्यासाठीच विणत होते.

"मना न्हाय कलत, तर ज्याला कलतं त्याला बसवू पान्यात," ते म्हणाले.

आधी त्यांनी खाडीतले बारीक मासे धरून पाहिले. ते खाऱ्यात जगले, गोड्यातही मजेत राहिले. "हे दोनी घरचे पावने," म्हणून दादांनी ते सोडून दिले. मग त्यांना बेडकाची पिल्लं सुचली. पावसाळ्यात खाचरात ती हवी तेवढी सापडतात. ओळीने मडकी मांडली, मी प्रत्येकात मीठ विरघळवून चाखायची आणि सांगायची, हे जिभेला जेमतेम लागतंय, हे कालवणासारखं, हे तोंडात धरवत नाही. मडक्यातलं पाणी काढायला मी पपईच्या पानाचा पोकळ देठ वापरायची. वरचं तोंड अंगठ्याने दाबायचं की पाणी देठात अडकून राहतं. थोड्या मिठाला पिल्लं सुस्त व्हायची, कालवणाइतक्याला मरायची. सासूबाईंनी एकदा पिण्याचं म्हणून नेमकं त्यातलंच एक मडकं उचललं. पण तोंडाला लावायच्या आत मी ते काढून घेतलं, तेवढ्यावर निभावलं.

मग दादांनी बांधाच्या आतल्या बाजूने बारीक विणीच्या टोपल्या बुडवल्या, प्रत्येकीत पिल्लं आणि तळाला धोंडा. पहिल्या टोपल्यांना झाकण नव्हतं. त्यातल्या पिल्लांचे यथावकाश बेडूक झाले आणि ते निघून गेले. मग झाकणं आली. गावाला मोठी करमणूक झाली. दादांचे चुलतभाऊ बाळूकाका, ज्यांचं खाचर सगळ्यांत खोलगट जागी होतं, येता-जाता विचारायचे, "दादा, पोरां शाळेत बसली का?" दादा सांगायचे, "जिभेला मदत म्हनून ठेवलीत." एवढंच.

भादव्याच्या अमावास्येला मोठं उधाण आलं. भात पोटरीत, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होतं आणि पाऊस विरळ होत चालला होता. दुसऱ्या सकाळी मी दादांसाठी न्याहारी घेऊन गेले, तर बाळूकाकांच्या खाचराकडची टोपली त्यांनी वर काढलेली. आतली सगळी पिल्लं उलटी पडली होती. दादांनी हाक मारून लोकांना गोळा केलं आणि सांगितलं, पाणी शिरलंय, ओहोटी लागली की उघाडी काढा. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ते काढलं की शेतातलं सगळं पाणी खाडीत जाणार.

बाळूकाकांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं. आणखी दोघांनी चाखलं. "गोड हाय," ते म्हणाले. "दादा, आता पाऊस न्हाय आला तर? हाय ते पानी सोडून द्यायचं नि भात वालवायचं? बेंडकाच्या सांगण्यावरनं?"

त्यांचं म्हणणं काही वेडेपणाचं नव्हतं. चुकलं असतं तर सगळ्या गावाचं भात उभं वाळलं असतं, आणि तेही अशा वर्षी.

"तूच चाख," बाळूकाका म्हणाले. "तू सांग. तू म्हनशील ते करू."

सगळे दादांकडे बघत होते. त्यांना फक्त वाकायचं होतं, डोळे मिटायचे होते आणि "खारं" म्हणायचं होतं. तेवढ्यावर उघाडी निघाली असती. मला वाटलं, ते तसंच करणार. मी मनातून त्यांना तेच सांगत होते. दादा वाकले, ओंजळीत पाणी घेतलं आणि तसंच सोडून दिलं.

"मना कलत न्हाय," ते म्हणाले. "तापात जीभ गेली माजी."

मग बाळूकाकांचा आवाज चढला. "म्हंजे पावसाल्याभर तू आमाला काय सांगत व्हतास?"

"खोटं," दादा म्हणाले. "पन हे खरं हाय. टोपली तलाला व्हती. तलाचं पानी चाखा."

तेव्हा मला ते पपईचे देठ आठवले. बाळूकाकांच्याच कुंपणात झाड होतं. मी देठ तोडून आणला. एवढ्या पुरुषांसमोर बोलायची माझी सवय नव्हती, त्यामुळे बोलले नाही. अंगठ्याने तोंड दाबून देठ तळाशी नेला, अंगठा सोडून पुन्हा दाबला आणि तो तसाच बाळूकाकांपुढे धरला. मी चाखून सांगितलं असतं तर ती घरचीच साक्ष झाली असती. त्यांनी देठ तोंडात धरला आणि लगेच थुंकले. दोनदा थुंकले. पावसाचं पाणी हलकं म्हणून वर तरंगत होतं, आणि खाली भाताच्या मुळाशी खाडी येऊन बसली होती.

ओहोटीला उघाडी काढली. पाणी उतरल्यावर बाळूकाकांच्या कोपऱ्यात बीळ सापडलं, खांद्यापर्यंत हात जाईल एवढं. माती आणि पेंढा ठासून ते बुजवलं. नंतरचे दिवस फार वाईट गेले. आभाळ यायचं आणि जायचं. दादा ओट्यावर बसून राहायचे. त्यांच्याशी कोणी भांडलं नाही, पण कोणी ओट्यावर येऊन बसतही नव्हतं. ते मला फार लागलं. शेवटी, जमिनीला भेगा पडायला लागल्यावर, पाऊस आला. बाळूकाकांचं भात अर्धंमुर्धंच हाती लागलं, बाकीच्यांचं बऱ्यापैकी वाचलं. त्या वर्षी गावात कोणाला उपाशी राहावं लागलं नाही.

बाळूकाका मात्र दादांशी बोलले नाहीत. होळी गेली, तरी बोलले नाहीत. दादा म्हणायचे, "त्याचा बरोबर हाय. मी असतो तर मी पन न्हाय बोललो असतो." पुढच्या ज्येष्ठात, शेतात पाणी साठल्यावर, एका सकाळी बाळूकाका अंगणात आले आणि दादांच्या पुढ्यात एक मडकं ठेवलं. आत पिल्लं वळवळत होती.

"ही घे तुजी पोरां," ते म्हणाले. "माज्या कोपऱ्यात दोन टोपल्या घाल."

तेव्हापासून टोपल्यांवर कोणी हसलं नाही. लढाई संपल्यानंतर डासांवर नवी पावडर फवारणारे लोक आले आणि त्यांनी आपले पंप आमच्या पाटात धुतले, तेव्हाही दादांना टोपलीनेच कळवलं. पिल्लं मेली होती, आणि मी देठाने चाखलं तर पाणी तळापर्यंत गोड होतं. मी पुन्हा चाखणार होते, तोच दादांनी देठ हातातून काढून घेतला. "मीठ न्हाय हे. दुसरं काय तरी हाय." त्यांनी त्या लोकांना चहा पाजला आणि पंप धुवायला खाडीकडची वाट दाखवली.

घरात मात्र त्यांचा जुना हट्ट परत आला. आता लपवायचं काही नव्हतं. जेवायला बसले की पहिल्या घासाआधी विचारायचे, "सूनबाय, आज मीठ कसा हाय?" मी खरं ते सांगायची. कमी झालं म्हटलं की कमी झालं म्हणून कुरकुरायचे, जास्त म्हटलं की जास्त झालं म्हणून. बरोबर आहे म्हटलं की गप्प जेवायचे, आणि जरा हिरमुसलेले दिसायचे.

शेवटच्या आजारपणात ते पेजेवर होते. उठून बसवत नव्हतं. त्या दुपारी मी वाटी घेऊन उशाशी बसले. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मीठ?"

पेजेत मीठ अगदी बरोबर पडलं होतं. मी नुकतीच चाखून आले होते.

"जास्त झालंय, दादा," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा खुलला. "एवढी वर्सां झाली," ते म्हणाले, "पन तुजा हात काय बसला न्हाय." मग त्यांनी डोळे मिटले, बांधावर मिटायचे तसे, आणि मी भरवलेली पेज हळूहळू सगळी खाल्ली. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.