बंदरावरचा फासा

पेणमध्ये मी टायपिंगच्या क्लासात शिकवायचे. दुपारची बॅच सुटली की चार ते सहा क्लास रिकामा असायचा, आणि त्या दोन तासांत मी किल्लेदाराची मुलगी होत असे.

एका मराठी गप्पांच्या साइटवर आम्ही तिघे हा खेळ खेळायचो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, ते काय करतं, काय बोलतं ते लिहायचं, आणि दुसऱ्यानं तिथून पुढे न्यायचं. गाव आमचं आम्हीच रचलेलं, एक जुनं बंदर. रोह्याचा एक मित्र त्या बंदराचा सुभेदार होता. खऱ्या आयुष्यात तो केमिकल कंपनीत होता, पहिली शिफ्ट संपवून घरी आला की लिहायला बसायचा. तिसऱ्या होत्या खाडीकडच्या एक मावशी, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांच्या घरची मिठागरं होती. त्या होडीवाली झाल्या होत्या.

सुरुवातीला नियम असा काही नव्हताच. सुचेल ते लिहायचं. मला ते फार आवडायचं, आणि का आवडायचं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझी बोटं भराभर चालायची. एकदा बंदरावर चाचे आले, तर दहा मिनिटांत मी त्यांची गलबतं जाळली, कैद्यांना सोडवलं आणि गावाला जेवायलाही बसवलं. त्यानंतर मावशींचं एक वाक्य उमटलं : ‘मी होडी घेऊन निघाले.’

मी हसले होते. मावशींनी खाली लिहिलं, ‘गो, मी एका बोटानं लिवते. मी किनाऱ्याला लागते तवर तुमचं सगलं आटपलेलं असतं.’

दुसऱ्या दिवशी सुभेदारानं नियमांची यादी टाकली. एकानं लिहिलं की बाकीच्यांचं येईपर्यंत थांबायचं. प्रत्येक पात्राला ताकद आणि चलाखीचे गुण. जिवावरचा प्रसंग आला की तो घरातल्या सापशिडीचा फासा टाकणार आणि फोटो पाठवणार. एक पडला तर पात्र मेलं.

मी चिडून त्याला फोन केला. “ही गोष्ट आहे, सापशिडी नाही!”

“सापशिडीत निदान कुणीतरी हरतं,” तो म्हणाला. “आपल्या गोष्टीत दोन वर्षांत तू एकदाही हरलेली नाहीस.”

नाइलाजानं मी कबूल झाले. पहिले काही दिवस नुसतं थांबणं जिवावर आलं. मावशींचा मजकूर यायला कधी कधी पाऊण तास लागायचा. पण आला की मी तो दोनदा वाचायचे. ओहोटीला होडी चिखलात कशी बसते, ती काढताना पाय कुठे रोवायचा, उधाणाचं पाणी बांधाला कुठे आधी लागतं. माझा जन्म पेणमध्ये गेला आणि यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. आमचं बंदर खरं वाटू लागलं ते त्या महिन्यांत.

मग वादळाच्या प्रसंगात मावशींच्या होडीवालीसाठी फासा पडला. फोटोत एकच काळा ठिपका.

मी पुन्हा फोन लावला. “पुन्हा टाक. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल,” तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. “मलाही ती मरायला नको आहे गं. पण आज तिच्यासाठी पुन्हा टाकला, तर उद्या तुझ्यासाठीही टाकावा लागेल. मग राहिलं काय?”

आमचं हे चाललेलं असतानाच साइटवर मावशींचं उत्तर आलं. ‘मेली तर मेली. पन कशी मेली ते मी सांगनार. तिथं फासा नाय.’

त्यांना चार दिवस लागले. आम्ही दोघांनी त्या चार दिवसांत एक अक्षर लिहिलं नाही. पाचव्या दिवशी सहा वाजायच्या सुमारास मजकूर आला. होडीवालीनं सगळ्या माणसांना बांधावर उतरवलं होतं. शेवटच्या बाईनं तिला हात दिला, तर ती म्हणाली, ‘व्हा फुडं, होडी बांधून येते.’ एवढंच. त्यानंतर पाण्याचं वर्णन होतं, ते निवत कसं गेलं त्याचं.

क्लासात सहाची बॅच सुरू करायची होती. मी मुलींना दहा मिनिटं बाहेर थांबवलं आणि तोंड धुऊन आले.

पुढे मावशींनी वखारवाल्या म्हातारीचं पात्र घेतलं आणि वर्षभर सुभेदाराला सळो की पळो करून सोडलं. त्याच वर्षी आम्ही तिघे एकदाच भेटलो, रोह्याला, कुंडलिकेच्या काठी. मी पेणहून मावशींबरोबर गाडीनं गेले होते. मनात धास्ती होती की त्या गप्पच बसतील. त्या गाडीत बसल्यापासून बोलायला लागल्या त्या रोह्याचं स्टेशन येईपर्यंत, आणि नंतर काठावर बसूनही. मित्रानं दोनदा तोंड उघडलं.

“थांब रे, माझं होऊ दे,” मावशी म्हणाल्या.

तो थांबला. आम्ही दोघे भेळ खात ऐकत राहिलो, परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत.