पाण्याकाठचं केशरी कडं

सहावीच्या पुस्तकात एका कवितेशेजारी तळ्याचं चित्र होतं. काठावर वाकलेलं झाड, मागे डोंगर आणि पाण्यात दोघांची पडछाया. कविता पाठ झाली, गुरुजींची शाबासकीही मिळाली, पण तसं तळं पाहायचं राहूनच गेलं. यंदा दिवाळी सरल्यावर मी हिला म्हटलं, "चल, तळं शोधू." ही म्हणाली, "आधी गणपती, मग तळं." झालं, बेत ठरला.

पुण्याहून सकाळच्या एसटीनं नारायणगाव आणि तिथून रिक्षानं ओझर. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे मला तिकीट नाही, हिला अर्धं. म्हातारपणाचे एवढे लाड कुणी केले नव्हते. विघ्नहराचं दर्शन निवांत झालं. "काय मागितलंस?" मी विचारलं. "तुमच्या मागे चालायला गुडघे," ही म्हणाली. ओझरला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी मंचरवरून घोडेगाव. डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या गाड्या इथूनच सुटतात. त्या मोजक्या असतात, तेव्हा परतीची वेळ कंडक्टरला आधीच विचारून ठेवा. "पाणी दिसेल अशा गावी उतरवा," असं मी सांगितलं, तर तो हसला. "आजोबा, पुढं समदं पाणीच हाय. कुठं कुठं उतरवू?"

त्यानं धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका वाडीवर उतरवलं. भात कापणीला आलेला, उन्हात पिवळा झालेला. रस्त्यालगतच हौसाबाईंचं घर. साठीच्या, काटक बाई. पोचल्या पोचल्या सांगितलं तर दुपारी जेवू घालतात. आम्हाला नाचणीची भाकरी, पिठलं आणि खुरासणीची, म्हणजे आपल्या कारळ्याची, चटणी मिळाली. पैसे विचारले तर म्हणाल्या, "आधी खावा तर, पावणं!"

जेवण झाल्यावर त्या आम्हाला पाण्याकडे घेऊन गेल्या. आणि काय सांगू, माझं चित्र समोर होतं! झाड, डोंगर, पडछाया, सगळं. काठावर एक खांब आणि त्यावर केशरी, जाड, हलकं कडं टांगलेलं, शेजारी दोरीची गुंडाळी. बुडणाऱ्याला फेकायचं कडं ते. पण त्यावर कुंकवाची बोटं ओढलेली, ताज्या झेंडूचा हार घातलेला आणि खाली नारळाची करवंटी. जवळ गेलो तशा हौसाबाई म्हणाल्या, "बाबा, बूट काढा."

"का हो?"

"कडं आलं तवा आमी नारळ फोडला, वटी भरली. जीव राखणारं हाय ना ते! तवापासनं बूट-चप्पल घालून कुणी हात लावत न्हाई."

नवी मोटार आली, नवा पंप आला की आपणही हेच करतो. मला ते फार आवडलं. मी मुकाट्यानं बूट काढले, हात जोडले, पुन्हा नाड्या बांधल्या आणि झाडाखाली बसून जुनी कविता आठवू लागलो. ही पाय धुवायला खडकावर गेली.

तिसऱ्या ओळीवर अडलो होतो, तेवढ्यात "अहो!" एवढंच ऐकू आलं. शेवाळावरून हिचा पाय सटकला होता. खडकापुढे एकदम खोल. लुगड्याचा फुगा वर, हात वर, आणि बघता बघता ही काठापासून लांब. मला पोहता येत नाही. मी खांबाकडे धावलो, आणि वाचकहो, हे लिहायला लाज वाटते, पण तिथे वाकून मी नाड्या सोडू लागलो. डाव्या बुटाची गाठच बसली.

"आवो बूट राहू द्या! बुटासकट घ्या!" हौसाबाई ओरडत आल्या. मला बाजूला सारून त्यांनी हारासकट कडं उपसलं. दोरीचं टोक पायाखाली दाबलं, म्हशीचं दावं दाबतात तसं, आणि कडं हिच्या पलीकडे भिरकावलं. मग दोरी खेचत ते हिच्या हातापाशी आणलं. "धर, बाई! पाय नगं मारू, निसतं धर!" हिनं धरलं. आम्ही दोघांनी ओढलं.

ही वर आली तेव्हा केसांत झेंडूच्या पाकळ्या होत्या. खोकली, पाणी ओकली आणि पहिलं वाक्य बोलली, "माझी चप्पल गेली."

हौसाबाई मात्र मटकन खाली बसल्या. "माजंच चुकलं. मीच म्हनलं व्हतं, बूट काढा." मी त्यांचे पाय धरायला गेलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. आधी जवळच्या दवाखान्यात हिला तपासून आणलं. परत आलो तेव्हा वाडीतल्या बायका खांबाशी जमल्या होत्या. हौसाबाईंनी कडं स्वच्छ पुसलं, कुंकू खांबाला लावलं, हारही खांबालाच घातला. "पूजा खांबाची. कड्याला कुणीबी, कसंबी हात लावायचा." मग एकेकीनं ते फेकून पाहिलं. एकीचं झाडातच अडकलं. "तिथं कोण बुडालंय गं, माकड?" असा हशा झाला.

खांबावर लावायच्या पाटीसाठी त्यांनी माझ्याकडे शब्द मागितले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कविता म्हटल्या, ही माझी पहिली:

बूट न काढा, हात न जोडा, कडंच आधी फेका;
दोरीवरती पाय रोवुनी धीर देत द्या हाका.

तुम्ही पाण्याकाठी जाल तेव्हा आधी कडं कुठे आहे ते बघा. दोरी आहे का, ते बघा. बघितलंत म्हणून देव रागावत नाही.

घरी येऊन आठ दिवस झाले. काल चहा घेताना धीर करून हिला सांगितलं, की तू पाण्यात होतीस आणि मी नाडी सोडत होतो.

"दिसत होतं मला," ही म्हणाली. "वाटलं, नमस्कार करताय. म्हटलं, आता काही खरं नाही!"

हसता हसता तिनं डोळे पुसले. मग आत जाऊन माझे नाडीचे बूट पिशवीत घातले आणि म्हणाली, "चला, बिननाडीचे घेऊन येऊ. हौसाबाईंकडे पुन्हा जायचंय. त्यांना लुगडं द्यायचं राहिलंय."

मी उठलो. ही पुढे, मी मागे.